तोफ आणि सही
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)





विषय कोणता घेता, असं मंडळाने विचारलं तेव्हा आम्ही सांगितलं, अरब जगाचा आधुनिक इतिहास आणि परकी सत्ता. चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘अहो, चवथीच्या दिवसांत अरब कशाला? आपल्या पेडण्यावर काहीतरी बोला ना.’’ आम्ही त्यांना शब्द दिला की बोलू अरबांवरच, पण वाट पेडण्यावरून काढू. तो शब्द आज पाळायचा आहे.

आधीच सांगून टाकतो, आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. स्थापत्याचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो. निम्मं आयुष्य नकाशे, मोजणी आणि फायली यांत गेलं. त्यामुळे इतिहास वाचतानासुद्धा आमची नजर आधी नकाशावरच्या रेघेकडे जाते आणि मग कागदाच्या तळाशी कोणाची सही आहे तिकडे.

एक घरगुती गोष्ट सांगतो. आमचा पुतण्या दुबईत एसी दुरुस्तीचं काम करतो. मागे एकदा त्याचा फोन आला, ‘‘काका, आजोबांचा जन्मदाखला काढून ठेवा. जुन्या पोर्तुगीज नोंदवहीतला.’’ कशाला, हे विचारावं लागलं नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद लिस्बनमध्ये करता येते आणि तिच्या आधारावर मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे गोव्यात आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. फोन आला तो महिना डिसेंबरचा. मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला आमची ड्युटी लागलेली. घरी टेबलावर दाखल्याचा अर्ज आणि दारात इस्त्री करून टांगलेला सदरा! त्या रात्री झोप लागली नाही. परकी सत्ता येते कशी, टिकते कशी आणि गेल्यावर मागे काय ठेवते, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. वाचत गेलो, आणि त्याचं उत्तर सर्वांत ठसठशीत सापडलं ते अरबांच्या इतिहासात.

सुरुवात आपल्या फिरंग्यांपासूनच करू. गोव्यात पाऊल ठेवण्याच्या पंचाण्णव वर्षं आधी, १४१५ साली, पोर्तुगिजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता बंदर घेतलं. त्यांच्या साम्राज्याचा पहिला दगड बसला तो अरबांच्या अंगणात. पुढे ज्या आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतलं, त्यानेच त्याआधी १५०७ मध्ये मस्कत जाळलं होतं आणि नंतर १५१५ मध्ये इराणी आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ ताब्यात घेतलं. गोवा, मस्कत आणि होर्मुझ ही एकाच साखळीची कडी होती. या समुद्रात शतकानुशतकं अरब आणि गुजराती व्यापारी मोकळेपणाने फिरत. फिरंग्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. तो नसेल तर जहाज लुटलं तरी गुन्हा नाही. समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता, तो कागदाच्या एका चिठोऱ्याने त्यांचा झाला.

अरबांनी हे मुकाट सोसलं नाही. १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ घेतलं. १६५० मध्ये ओमानच्या अरबांनी मस्कतहून पोर्तुगिजांना हाकलून दिलं. जलाली आणि मिरानी हे फिरंग्यांचे दोन किल्ले आजही मस्कत बंदरावर उभे आहेत. आपल्यापैकी कोणाची मुलं तिथे असतील तर त्यांना ते बघून यायला सांगा. ओमानी एवढ्यावर थांबले नाहीत, १६९८ मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मोंबासाही घेतलं. मात्र ते तिथल्या आफ्रिकी माणसांना सोडवायला गेले होते असं कोणी समजू नये. पुढे झांझिबारहून गुलामांचा व्यापार त्यांनीच चालवला. जो आज जुलूम सोसतो तो उद्या जुलूम करणार नाही, याची हमी इतिहास कधी देत नाही.

आता आपली वेळ बघा. मस्कत मोकळं झालं १६५० मध्ये. वसई चिमाजी आप्पांनी घेतली १७३९ मध्ये. आणि आपला पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला १७८८ मध्ये! मस्कतकरांनी ज्यांना हाकललं, ते आपल्याकडे १३८ वर्षांनी आले. तेसुद्धा पेडणं तोफेच्या जोरावर पाडून नव्हे. सावंतवाडीच्या खेम सावंतांना करवीरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत हवी होती, त्या बदल्यात त्यांनी पेडणं लिहून दिलं. मांद्र्यातल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. तो सकाळी उठला तेव्हा त्याचा राजा बदललेला होता.

इथूनच आम्हाला आजच्या भाषणाचं नाव सापडलं. आपण मुलांना इतिहास शिकवतो तो तोफांचा. पण परकी सत्ता पुष्कळ वेळा सहीवर आलेली आहे. बाजीराव दुसरे यांनी १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईच्या तहावर सही केली, तैनाती फौज घेतली आणि मराठी राज्य खऱ्या अर्थाने त्या दिवशी गेलं. सावंतवाडीने १८१९ मध्ये इंग्रजांशी तसाच तह केला. आणि त्याच १८१९ च्या अखेरीस आपल्या मुंबई बंदरातून इंग्रजांचं आरमार निघालं ते आखातातल्या रास अल खैमावर. सबब काय, तर तिथले अरब चाचे आहेत. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत, हे आपल्याला ठाऊक आहे. रास अल खैमा उद्ध्वस्त झालं आणि १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांनी तहावर सह्या केल्या.

मग सह्या वाढत गेल्या. १८९२ च्या कराराने शेखांनी कबूल केलं की इंग्रजांवाचून दुसऱ्या कोणाला आपली जमीन विकणार नाही, गहाण टाकणार नाही आणि दुसऱ्या कोणत्या सरकारशी बोलणार नाही. १८९९ मध्ये कुवेतच्या शेख मुबारकनेही तसंच लिहून दिलं. त्या बदल्यात त्याला मिळाले पंधरा हजार रुपये. रुपयेच, कारण आखाताचा कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या हातून चाले. एडन तर १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्याचाच भाग होतं.

इजिप्तची गोष्ट कर्जाची आहे, आणि ती आपल्याला सहज कळेल, कारण सावकाराकडे भाट गहाण टाकून ते घालवलेली घरं आपण पाहिली आहेत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. इजिप्तच्या इस्माईल खेदिवाने युरोपातून कर्जावर कर्ज काढलं आणि व्याज फेडता येईना म्हणून १८७५ मध्ये कालव्याचे आपले सगळे शेअर सुमारे ४० लाख पौंडांना इंग्लंडला विकले. पुढच्याच वर्षी सावकारांचे प्रतिनिधी इजिप्तच्या तिजोरीवर येऊन बसले. त्याविरुद्ध अहमद उराबी नावाचा एक लष्करी अधिकारी उठला. तो शेतकऱ्याचा मुलगा. १८८२ मध्ये इंग्रजांनी त्याचा पाडाव करून इजिप्त व्यापलं, आणि त्या स्वारीत हिंदुस्थानी फौजही होती.

मित्रहो, इथे एक क्षण थांबा. उराबीला शिक्षा म्हणून कुठे पाठवलं? सिलोनला, म्हणजे आपल्या शेजारी. तो १८८३ च्या जानेवारीत कोलंबोला उतरला. आणि त्याच सुमारास आपला शिरढोणचा वासुदेव बळवंत फडके कुठे होता? अरबांच्या भूमीवर, एडनच्या तुरुंगात. त्याने तुरुंगाचं दार उखडून पळायचा प्रयत्न केला, पकडला गेला, अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच प्राण ठेवला. इजिप्तचा बंडखोर आपल्या समुद्रात आणि आपला बंडखोर अरबांच्या किनाऱ्यावर, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने! दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसेल. पण तुरुंगाचा मालक एकच होता.

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती सांगायला जड जाते, पण सांगितली पाहिजे. परकी सत्ता येते सहीने, आणि टिकते दुसऱ्या गुलामाच्या हाताने. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी तुर्कांविरुद्ध इराकमध्ये फौज उतरवली. ती होती सहावी डिव्हिजन, आणि तिचं नाव होतं ‘पुणे डिव्हिजन’. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. दख्खन आणि कोकणातल्या घरांतली ही पोरं. बसऱ्याहून ती बगदादच्या दिशेने गेली आणि तैग्रिस नदीच्या वळणावर कूत अल अमारा गावात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. धान्य संपलं तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली, आणि धर्म बुडेल म्हणून आपल्यातल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडात घातलं नाही. शेवटी सुमारे तेरा हजार सैनिक शरण गेले, त्यांत बहुसंख्य हिंदी होते. वाळवंटातून चालवत नेताना त्यांतले किती वाटेत पडले, त्यांची नावं त्यांच्या गावांनाही आज आठवत नाहीत.

त्यांच्या शौर्याला आम्ही कमी लेखत नाही. पण ते कोणासाठी लढले? मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं तेव्हा इंग्रज सेनापतीने जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, तुम्हाला मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, इराकी जनता त्याच मुक्तिदात्यांविरुद्ध उठली तेव्हा तो उठाव चिरडायला जी फौज वापरली तीत बहुतेक शिपाई हिंदीच होते. इकडे जालियनवाला बाग होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. आपल्याच घरात रक्त सांडणाऱ्याच्या हुकमावरून आपण दुसऱ्याच्या घरात गोळ्या झाडत होतो. मुक्तिदिनी आपण आपल्यावर झालेला अन्याय आठवतो, तो आठवलाच पाहिजे. त्याबरोबर हेही आठवावं, एवढंच आमचं म्हणणं.

आता रेघांकडे येऊ. हा आमच्या धंद्याचा विषय. मोजणीला गेलं की आम्ही बांध बघतो, शेजाऱ्याला बोलावतो, जुना दगड शोधतो, तेव्हा कुठे रेघ पडते. पण १९१६ मध्ये इंग्रजांचे साईक्स आणि फ्रेंचांचे पिको या दोघांनी नकाशावर रेघ ओढून अरबांचा मुलूख आपसांत वाटून घेतला, तेव्हा शेजाऱ्याला कोणी बोलावलं नाही. त्याच सुमारास अरबांना सांगितलं जात होतं की तुर्कांविरुद्ध उठा, तुम्हाला स्वतंत्र राज्य देऊ. १९१७ मध्ये बाल्फूर यांच्या पत्राने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन दिलं गेलं, आणि तिथे तेव्हा बहुसंख्येने राहणारे अरब होते. एकच जमीन अनेकांना लिहून द्यायची! आपल्या तालुक्यात असं कोणी केलं तर त्याच्यावर गुन्हा नोंद होतो. १९२० मध्ये सीरिया आणि लेबनॉन फ्रान्सला, इराक आणि पॅलेस्टाईन इंग्लंडला वाटून दिले. त्या रेघांचं रक्त अजून वाळलेलं नाही, हे रोज बातम्यांत दिसतं.

रेघ म्हणजे काय हे पेडणेकरांना पुस्तकातून शिकायला नको. केरीहून फेरीबोटीने तेरेखोल ओलांडा. नदीपलीकडचा तो किल्ला आणि एवढंसं गाव गोव्यात, आणि त्याच्या पाठीला लागून असलेली रेडी महाराष्ट्रात. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला. त्यानंतर सीमा बंद झाली. आमच्या आजीचं माहेर नदीपलीकडे आरोंद्याला. किरणपाण्याला उभं राहिलं की माहेरच्या माडांचे शेंडे दिसत. सीमा बंद असतानाच तिचा भाऊ वारला आणि ती बातमी तिला मिळाली बाराव्यानंतर. ‘‘माड दिसत होते रे,’’ एवढंच ती म्हणायची. दमास्कसची एखादी आजी आणि बैरूतचा तिचा भाऊ यांच्यामध्येही अशीच एक रेघ आली असेल. म्हणून म्हणतो, अरबांचा इतिहास आपल्याला परका नाही.

या अंधारात उजेडही आहे. लिबियाचा ओमर मुख्तार सत्तरी ओलांडलेला, इटलीशी वीस वर्षं झुंजला आणि १९३१ मध्ये फासावर गेला. २६ जुलै १९५६ ला इजिप्तच्या नासरने सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी हल्ला केला, पण जगाच्या दबावाखाली त्यांना मागे फिरावं लागलं. त्या वेळी भारत नासरच्या बाजूने उभा राहिला. ते उपकार इजिप्त विसरला नाही. १८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ठराव आला की भारताने फौजा मागे घ्याव्यात. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्ससह सात मतं त्या बाजूने पडली. विरुद्ध मतं चार : रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला हे आपण नेहमी सांगतो. त्या चार हातांत एक हात अरबांचा होता, हे सांगायचं राहून जातं.

त्याच वर्षी, १९ जून १९६१ ला, कुवेतची १८९९ ची ती सही रद्द झाली आणि कुवेत स्वतंत्र झालं. सहा महिन्यांनी गोवा. पुढच्या जुलैत १३२ वर्षांच्या फ्रेंच राज्यातून अल्जेरिया. आपण सगळे एकाच बाकावरचे विद्यार्थी आहोत.

मग स्वातंत्र्यानंतर काय झालं? तेही बघायला हवं. इराकच्या तेलाचा हिशेब ऐका. ते तेल परक्या कंपन्यांनी वाटून घेतलं होतं, आणि पाच टक्के वाटा गुल्बेंकियन नावाच्या एका दलालाचा होता. तो म्हातारपणी राहिला लिस्बनला, आणि त्याच्या पैशातून उभी राहिलेली संस्था आणि संग्रहालय आजही लिस्बनमध्ये आहे. इराकने हे तेल स्वतःचं केलं ते १९७२ मध्ये. पण तेल हाती आल्यावर राज्यकर्त्यांनी काय केलं? सद्दाम हुसेनने २ ऑगस्ट १९९० ला शेजारचं कुवेतच गिळलं, अरबाने अरबाचं. तेव्हा आम्ही शाळेत होतो. लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून विमानांनी मुंबईला आणलं गेलं. आमच्या वाड्यावरचा एक जण चवथीच्या तोंडावर परत आला. आठ वर्षांची कमाई तिकडे राहिली, हातात एक पिशवी. त्याने अंगणात येऊन पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर ‘‘माटोळी बांधली का?’’ सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळं होता येत नाही, हे आम्ही त्या दिवशी पाहिलं. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

आणि आपण? गोव्याला साठाहून अधिक वर्षं कोणी परका राजा नाही. आजही एखादे आजोबा म्हणतात, ‘‘पाखल्यांच्या काळार बरें आशिल्लें.’’ दार उघडं टाकून झोपत होतो, हे खरंच असेल. पण दार उघडं टाकणारा माणूस सालाझारविरुद्ध तोंड उघडू शकत नव्हता, हेही त्यांनी नातवाला सांगावं. मांद्र्याच्या किनाऱ्याकडे बघा. भाटांवर आज कोणाच्या पाट्या आहेत? तिथे कोणी तोफा आणल्या नाहीत. विक्रीपत्रावर सही आपली आहे. पोरीच्या लग्नाला, आजारपणाला, कोर्टकज्जाला पैसे लागले म्हणून सही झाली, आम्ही कोणाला नावं ठेवत नाही. शेख मुबारकालाही त्या दिवशी गरज होतीच आणि खेम सावंतांनाही होती. गरजेच्या दिवशी केलेली सही पुढच्या चार पिढ्या वाचतात, एवढं लक्षात राहावं.

पुतण्याच्या दाखल्याचं काय झालं, असं तुम्ही मनात विचारत असाल. आम्ही आमच्या वडिलांनाच विचारलं. पत्रादेवीच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते, आजीला किरणपाण्याला उभी राहिलेली त्यांनी पाहिलेलं. ते म्हणाले, ‘‘दे काढून. पोराला पोट आहे. फक्त त्याला सांग, हा कागद मला कोणी बक्षीस दिलेला नाही.’’ आम्ही अर्जावर सही केली, दाखला काढला, पाठवला. सोबत चार पानांचं पत्र लिहिलं. मस्कत, एडन, कूत, आरोंद्याचे माड, सगळं त्यात लिहिलं. आज तुमच्यासमोर बोललो ते बहुतेक तेच पत्र आहे.

त्याने उलट फोन केला. म्हणाला, त्याच्या खोलीत एक इराकी मुलगा आहे, बसऱ्याचा. त्याला त्याने कूतची गोष्ट सांगितली. तो मुलगा म्हणाला, आमच्याकडेही आजोबा सांगतात, हिंदुस्थानी फौज आली होती. मग दोघांनी चहा घेतला. एवढंच.

आपल्या घरातून आज कोणी मस्कतला, कोणी कुवेतला, कोणी लिस्बनला जातं. जाऊ दे. जाताना बॅगेत लाडू-चकल्यांबरोबर एवढी गोष्ट बांधून द्या, ही तुम्हा वडीलधाऱ्यांना विनंती. 

गणपती बाप्पा मोरया!